आधी करंगळी टेकवा

मॅक्रो फोटोग्राफी शिकण्याची पहिली पायरी म्हणजे चुकीची वस्तू विकत घेणे. ही पायरी गाळू नये. मी गाळायला गेलो होतो, ती पुढे दुप्पट किमतीत परत आली.

चुकीच्या वस्तूंत पहिला मान तिपाईचा. एवढ्या जवळून फोटो काढायचा तर हात हलून चालत नाही, तिपाई हवीच, असं दुकानदार सांगतो. त्याचं म्हणणं शास्त्राला धरून असतं, फक्त शास्त्राने खारेपाटातल्या बांधावर तिपाई उभी करून पाहिलेली नसते. बांध वीतभर रुंद, तिपाईला पाय तीन. दोन बांधावर टेकतात, तिसरा चिखलात जातो आणि जातच राहतो. कॅमेरा हळूहळू मान झुकवतो. तो सरळ करेपर्यंत ज्याच्यासाठी हा खटाटोप मांडला तो चतुर उडून कासूच्या दिशेने गेलेला असतो. आमची तिपाई आता गच्चीवर असते. उन्हाळ्यात पापडांना कावळ्यांनी चोच लावू नये म्हणून जुनी साडी बांधतात, तिचं एक टोक तिपाईला असतं. पेणमध्ये घरात आलेली कुठलीही वस्तू शेवटी पापडांच्या कामाला येतेच, त्यामुळे त्या खरेदीबद्दल आता कुणी काही बोलत नाही.

तर आपण कॅमेरा हातात धरून आणि देवाने दिलेल्या उजेडात शिकणार आहोत. तिपाई नाही, फ्लॅश नाही.

सामानाचं थोडक्यात सांगतो. ‘मॅक्रो’ हा शब्द मोबाइलच्या खोक्यापासून खेळण्यातल्या भिंगापर्यंत कशावरही छापलेला असतो. खरा हिशेब असा, की पाच मिलिमीटरचा किडा कॅमेऱ्यातल्या सेन्सरवरही पाचच मिलिमीटरचा उमटला तर ते एकास एक. तिथून पुढे मॅक्रो. त्यासाठी ९० ते १०५ मिलिमीटरच्या खास लेन्स मिळतात. त्या चांगल्या असतात आणि महाग असतात. गरिबाची युक्ती म्हणजे लेन्स उलटी लावणे. कड्यावर आकडे कोरलेली जुनी ५० मिलिमीटरची लेन्स कुणाच्या तरी कपाटात पडलेली असते. एक स्वस्तातली रिंग आणून ती उलट्या तोंडाने कॅमेऱ्याला बसवली, की एकास एकच्या जवळपास पोहोचता येतं. तिचं ॲपर्चर हाताने फिरवता येतं हा मोठा फायदा. मोबाइलवर चिमट्याने लावायचं भिंगही चालतं. त्यात किडा दोन-तीन बोटांच्या अंतरावर यावा लागतो आणि तेवढं जवळ येऊ द्यायचं की नाही, हे किडा ठरवतो.

सुरुवातीला सगळ्यांना नीलवंतच हवा असतो. २०१५ साली ते महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू झालं, तेव्हापासून फणसाडच्या जंगलात जाणारा प्रत्येक नवशिका त्याच्या मागे धावतो. नीलवंताच्या पंखांचा पसारा १२ ते १५ सेंटिमीटर. त्याला मॅक्रोची गरज नाही, तो लग्नाच्या फोटोग्राफरलाही सापडेल. आपण त्याच्या पायाखालच्या मंडळींकडे जायचं आहे.

आता मुख्य अडचण. एकास एक मापाला, एफ/८ वर, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट दिसतो. आमच्या पेणचे जाड पोहे आठवा. त्यातल्या एका पोह्याची जाडी म्हणजे तुमचं सगळं राज्य. त्याच्या अलीकडे धुकं, पलीकडे धुकं. ॲपर्चर एफ/१६ पर्यंत बारीक केलं तर थर थोडा जाड होतो, पण उजेड कमी होतो आणि एका मर्यादेपलीकडे सगळंच चित्र मऊ पडायला लागतं. शिवाय एवढ्या जवळ गेल्यावर लेन्समधून सेन्सरपर्यंत पोहोचणारा उजेड आधीच चौथाईवर आलेला असतो. म्हणून एफ/८ ते एफ/११, शटर सेकंदाच्या अडीचशेव्या भागाच्या खाली नाही, आणि आयएसओ खुशाल ८०० किंवा १६०० ठेवा. फोटोत दाणे दिसले तर लोक समजून घेतात. हललेल्या फोटोला ‘कलात्मक’ म्हणणारी माणसं आपल्या नात्यातलीच असतात. कॅमेऱ्यातलं हात सावरणारं यंत्रही इथे फारसं कामाचं नाही. ते थरथर सांभाळतं, पण अख्खा माणूस पुढेमागे डुलत असेल तर बिचारं काय करणार?

आणि माणूस डुलतो. आपण स्थिर उभे आहोत हा आपला गैरसमज आहे. तो दूर करायचा असेल तर उकिडवे बसा, कॅमेरा डोळ्याला लावा आणि मुंगीकडे बघा. मुंगी स्पष्ट, मुंगी पुसट, मुंगी स्पष्ट, मुंगी पुसट. मुंगी जागची हललेली नसते.

या दुखण्यावर मी सहा महिने इंग्रजी व्हिडिओ पाहिले. उपाय आमच्या घरापासून दहा मिनिटांवर निघाला. पेणमध्ये राहून गणपतीच्या कारखान्यात न गेलेला माणूस सापडायचा नाही, मीही लहानपणापासून जात होतो, पण तिथे बघायचा तो गणपती. आषाढाच्या सुमारास एके दुपारी एका ओळखीच्या कारखान्यात गेलो तेव्हा डोळ्यांची आखणी चालली होती. शाडूची मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासली जाते, अंगाला रंग बसतो, पितांबर होतं, दागिने होतात आणि तरीही ती मातीच असते. डोळे लिहिले की गणपती होतो. हे काम कारखान्यातल्या सगळ्यांना देत नाहीत. जे एक-दोन हात ते करतात, त्यांच्या आजूबाजूला रेडिओसुद्धा हळू लावतात.

आखणी करणाऱ्या काकांनी मूर्ती खिडकीकडे तोंड करून पाटावर ठेवली होती. दिवा डोक्यावर होता, पण बंद. पिवळ्या उजेडात रंग फसवतो म्हणाले. उजव्या हातात मोजक्या केसांचा कुंचला. डाव्या हाताने उजवं मनगट खालून धरलेलं, दोन्ही कोपरं बरगड्यांना चिकटलेली. मग त्यांनी उजव्या हाताची करंगळी गणपतीच्या गालावर टेकवली. नुसती टेकवली, दाबली नाही. श्वास घेतला, अर्धा सोडला, थांबले आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात डावीकडून उजवीकडे नेली. रेघ संपल्यावर उरलेला श्वास सोडला. मग कुंचला रंगात बुडवताना एकदम घरगुती आवाजात मला म्हणाले, “चहा सांगितलाय, बस.”

मी विचारलं, काका, हात कसा हलत नाही? ते म्हणाले, “हलतो की. म्हणून तर करंगळी टेकवायची. मोकळ्या हाताने मलासुद्धा नाही जमायचं.”

आखणीची ही रीत म्हणजेच हातातल्या मॅक्रोचं सगळं तंत्र. कोपरं अंगाला घ्या. ज्या फांदीवर किडा आहे, तीच फांदी डाव्या हाताच्या दोन बोटांत धरा, त्याच हातावर लेन्स टेकवा. आता वारा आला की फांदी, बोटं, लेन्स आणि किडा सगळे एकत्र हलतात, म्हणजे एकमेकांच्या मानाने कुणीच हलत नाही. जमिनीवरचा किडा असेल तर करंगळी जमिनीला. ऑटोफोकस बंद करा. फोकसचं कडं एकदा हवं तिथे लावलं की परत फिरवू नका. कमरेपासून अंग तसूभर पुढे न्या, स्पष्ट दिसलं की अर्ध्या श्वासावर थांबून चार-पाच फोटो सलग घ्या. त्यातला एक लागतो. पहिल्या महिन्यात तोही लागत नाही. आणि काकांचा दुसरा नियम: डोळा. कोळ्याचे पाय पुसट आले तरी चालतात, पंख अर्धे धूसर चालतात, पण डोळा चुकला की ती मातीच. उड्या मारणाऱ्या कोळ्याला आठ डोळे असतात, त्यांतले पुढचे दोन मोठे मोटारीच्या दिव्यांसारखे. नवशिक्याचा फोकस आठही डोळे चुकवून नेमका पोटावर बसतो.

उजेडाचं पंचांग वेगळं. पेण-रोह्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, म्हणजे जून ते सप्टेंबर आभाळ हाच पडदा. ढगाळ दिवशीचा उजेड सगळीकडून सारखा येतो, सावल्या मऊ पडतात, पानांवर पांढरे चट्टे उमटत नाहीत. मात्र तो कमी असतो, त्यामुळे आयएसओ वाढवून सकाळी दहा ते दुपारी तीन हीच वेळ धरावी. थंडीत उलटं. डिसेंबरात सूर्य सातच्या सुमारास उगवतो, तेव्हा घराबाहेर पडलेलं असावं. रात्रीच्या गारव्याने किडे आखडलेले असतात, अंगावर दव असतं, ऊन लागून अंग तापेपर्यंत त्यांना उडता येत नाही. साडेआठनंतर ही सवलत संपते. दुपारच्या उन्हात गेलातच तर स्वतःची सावली किड्यावर पाडा आणि दुसऱ्या बाजूने पांढरं काहीतरी धरून उजेड परत फेका. पूर्वी यासाठी मखराचा उरलेला थर्माकोल वापरत, २०१८ पासून राज्यात त्यावर बंदी आहे. मी लग्नपत्रिका वापरतो. जाड पांढऱ्या कागदाची, आत काही न छापलेली पत्रिका सर्वोत्तम. पूर्ण सोनेरी असेल तर किड्याला कावीळ झाल्यासारखी दिसते. आमच्या एका भावकीतल्या लग्नाला मी गेलो नव्हतो, पण त्यांच्या पत्रिकेने तीन मोसम काढले आहेत.

काही जण पिचकारीने पाणी मारून दव तयार करतात, काही जण किडा फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करतात आणि मग फुलावर मांडून फोटो काढतात. यांतल्या पहिल्या प्रकाराला मी आळस म्हणतो. दुसऱ्याला जो शब्द आहे तो इथे छापता येणार नाही. फ्रीजमधल्या किड्याचे पाय कसे पडलेत ते बघणाऱ्याला कळतं.

एका जागी बसून राहण्याला आपल्याकडे परंपरा आहे. फाळक्यांनी १९१२ साली कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपापुढे कॅमेरा मांडला आणि महिन्याहून अधिक काळ रोज थोडं थोडं चित्रण करून ‘अंकुराची वाढ’ पडद्यावर दाखवली. आपल्या जिल्ह्यात किहीमला सलीम अलींनी १९३० साली सुगरणींच्या घरट्यांवर असाच बसून बसून अभ्यास केला. ही उदाहरणं तुम्हाला धीर यावा म्हणून सांगत नाही. घरचे ‘एवढा वेळ काय करत होतास’ विचारतील तेव्हा उपयोगी पडतात.

घरच्यांपेक्षा बाहेरच्यांची उत्तरं आधी पाठ करावीत. रस्त्याकडेच्या टाकळ्याच्या झुडपापुढे प्रौढ माणूस दोन्ही कोपरांवर ओणवा झाला, की पाच मिनिटांत मोटरसायकल थांबते. “काय सोदतंस रं दादूस? पैसं परलं काय?” खरं उत्तर देऊ नका. मी एकदा ‘कोळी शोधतोय’ म्हणालो, तर त्या गृहस्थांनी मला जवळच्या कोळीवाड्याचा रस्ता समजावून सांगितला आणि ‘आता मासळी मिळायची नाही’ असंही वर सांगितलं. ‘सर्व्हेचं काम आहे’ हेही म्हणू नये. महामार्गाच्या रुंदीकरणाचं काम २०११ पासून बघणाऱ्या लोकांत सर्व्हे हा शब्द फार जपून वापरावा लागतो. जमिनी आणखी किती जाणार, मोबदला कधी मिळणार, याची उत्तरं मला ओणव्या अवस्थेत देता आली नाहीत. ‘कॉलेजचा प्रोजेक्ट आहे’ हे माझ्या वयाला शोभत नाही, पण लोक दया येऊन निघून जातात.

प्रत्यक्ष धड्यासाठी मी तुम्हाला रोह्याला नेणार आहे. सकाळची दिव्याहून येणारी गाडी पेणला पकडायची, कासू, नागोठणे, निडी, रोहा. कोकण रेल्वेची हद्द रोह्यापासून सुरू होते, आपली तिथे संपते. माझी आत्या तिथे राहते. तिच्या घरामागे भाताचं खाचर आहे. भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर त्यात वाल पेरतात. पेण-रोह्याकडचा वाल पाणी न देता, जमिनीतल्या ओलीवर आणि दवावर वाढतो, त्याची चव वेगळी असते, हे आत्या तुम्हाला तीनदा सांगेल. तीनही वेळा मान डोलवा. नाश्ता तिच्या हातात आहे.

डिसेंबरच्या अखेरीला वालाला शेंगा धरलेल्या असतात. एखादी शेंग अशी शोधा, जिच्या देठाशी काळं मखमली काहीतरी लागल्यासारखं दिसेल. शेतकरी त्याला मावा म्हणतो आणि तोंड वाकडं करतो. तुम्ही गुडघे टेकवा. टेकवण्याआधी जमिनीकडे नीट बघा. पालापाचोळ्यात फुरसं असू शकतं आणि ते मार्गदर्शिका वाचत नाही.

करंगळी वेलाला, कोपरं अंगाला, अर्धा श्वास.

साध्या डोळ्याला जे काळं मखमल दिसलं, ते म्हणजे दीड-दोन मिलिमीटरचे काळे कुळकुळीत जीव, सोंड शेंगेत खुपसून एकाला एक चिकटून उभे. मागच्या बाजूला प्रत्येकाला दोन बारीक नळ्या. मोठ्यांच्या अधेमधे राखाडी पिल्लं, आणि सगळीकडे त्यांनी टाकलेल्या कातींचे पांढरे पापुद्रे. मग दिसते मुंगी. ती एका माव्याच्या पाठीवर दोन्ही मिशा आळीपाळीने वाजवते, दाराची कडी हळूच वाजवावी तशी. मावा थोडा मागे उचलला जातो, टोकाशी पाण्यासारखा थेंब येतो. थेंबात आख्खं आत्याचं घर उलटं दिसतं, मागचा आंबा, न्हाणीची भिंत. मुंगी थेंब पिते, पुढच्या दारी जाते. मुंग्या माव्याला राखतात आणि असा दुभतात, हे मी शाळेत वाचलं होतं. बघायला चाळीस वर्षं लागली, कारण तोवर कधी गुडघ्यावर आलो नव्हतो.

जरा डावीकडे सरका. एका मादीच्या मागून काहीतरी बाहेर येतंय. मावा या दिवसांत अंडी घालत नाही, नराशिवायच सरळ पिल्लं देतो, आणि पिल्लू शेपटीकडून बाहेर येतं. पाय सुटे झाले की ते हवेत चाचपडतात. शेंगेला पाय लागले की बाळंतपण झालं. आई या सगळ्या वेळात सोंड बाहेर काढत नाही, जेवण चालूच असतं.

आणि त्याच शेंगेवर, दोन इंचांवर, वाघ. मगरीच्या आकाराची, काळ्या अंगावर पिवळसर ठिपक्यांची अळी, ही ढालकिड्याचं पोर. ती कळपाच्या कडेला येते, एक मावा उचलते आणि खाते. शेजारचे हलत नाहीत. मुंगी मात्र धावते, अळीच्या पायाला चावते, अळी मागे सरते, पुन्हा येते. मी या एका शेंगेसमोर सव्वा तास होतो. गवळी, गाई, बाळंतीण, वाघ, आणि लांबीला सगळं मिळून माझ्या तर्जनीएवढं. एकशे साठ फोटो काढले. बाळंतपणाचे सगळे हललेले. वाघाचा एक लागला, डोळ्यासकट.

मागून आत्या म्हणाली, “अरे, त्या किडलेल्या शेंगेत काय बघतोस? पलीकडे चांगल्या आहेत की.”

काही इशारे राहिले. पुस्तकात लिहितात, आधारासाठी जवळच्या झाडाला टेका. ते झाड आंब्याचं असेल तर आधी पानं बघा. पानं एकमेकांना शिवून गोळा केलेला असेल तर तो ओंबिलांचा, म्हणजे लाल मुंग्यांचा वाडा आहे. लाल ओंबील चावते आणि चावलेल्या जागी आम्लही सोडते. त्या वेळी अर्ध्या श्वासावर थांबण्याचा नियम कुणाला पाळता आलेला नाही. पावसाळा संपता संपता खाजकुइलीच्या शेंगा धरतात. त्यांची मखमल फार फोटोजेनिक असते. वारा तिच्याकडून तुमच्याकडे येत असेल तर जवळ जाऊ नका, शर्ट फेकून द्यावा लागतो. लेन्स कपाटात ठेवाल तर ऑगस्टपर्यंत आत बुरशीची सुंदर जाळी तयार होते. एकदा मी तिचाच मॅक्रो काढला होता, दुसऱ्या लेन्सने. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि डब्यावर ‘लेन्स’ लिहा. आमच्याकडे त्यात एकदा शेव भरली गेली.

सराव घरीच करा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण बारा महिने असतात, हलत नाहीत, तक्रार करत नाहीत. तुळशीवर कोळी सापडतो. रोज अर्धा तास, एकच झाड. फणसाड आणि अवचितगड कुठे पळत नाहीत. तुमची करंगळी आपोआप जागा शोधायला लागली, की मग जा.

आणि जानेवारीत रोह्याकडे आलात तर दुपारी लगेच परतीची गाडी पकडू नका. संध्याकाळी शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, ओवा, मीठ, वर पुन्हा पाला, पाण्याचा थेंब नाही. मडकं उपडं घालून भोवती पेंढा पेटवतात. ज्याच्या शेतात गुडघे टेकणार असाल त्याला सकाळी आधी विचारा. बहुतेक जण हो म्हणतात, आणि निघताना ओंजळभर शेंगा हातावर ठेवतात. घरी नेऊन धुऊन घ्या, मावा बराच असतो.